भीमगीते मोबाइलवर : स्ट्रीमिंगचा पैसा शाहिरापर्यंत का पोहोचत नाही?

दरवर्षी ६ डिसेंबरला दादर आणि प्रभादेवी स्थानकांवर उतरलेला जनसमुदाय चैत्यभूमीकडे चालू लागतो. दर्शनाची रांग सावरकर मार्गाने प्रभादेवीच्या दिशेने लांबत जाते. शिवाजी पार्कवर पुस्तके, कॅलेंडरे, मूर्ती आणि बॅज यांचे स्टॉल लागतात. नव्वदच्या दशकात याच स्टॉलांवर भीमगीतांच्या कॅसेटी विकल्या जात. गावाकडून आलेला माणूस परतीच्या प्रवासात दोन पुस्तके आणि एक कॅसेट पिशवीत घालूनच गाडीत बसायचा. पुढे सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. आज रांगेत उभा असलेला तरुण तेच गाणे मोबाइलवर ऐकतो आणि त्या गाण्यासाठी वेगळा एक रुपयाही मोजत नाही.

गाणे ऐकले जाते, मोजलेही जाते. मग लिहिणाऱ्याला, गाणाऱ्याला आणि ढोलकी वाजवणाऱ्याला त्यातून काय मिळते? स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आंबेडकरी कलावंतांना आणि त्यांच्या श्रोत्यांना उपयोगी पडावी म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

जलशापासून कॅसेटपर्यंत

आंबेडकरी गाण्याची परंपरा बाजारातून आलेली नाही. सत्यशोधकी जलशांचा वारसा घेऊन विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडचे भीमराव कर्डक यांचा जलसा त्यातला ठळक. परळ, नायगाव, शिवडी, वरळी या गिरणगावातल्या चाळींचे पटांगण हाच त्यांचा रंगमंच होता. परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम चालत असे. तिथला विचार चाळीतल्या निरक्षर कामगारापर्यंत नेण्याचे काम गाण्याने केले.

वामनदादा कर्डक (१९२२-२००४) याच वातावरणात घडले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा मुंबईत आले, गिरणीत राबले आणि मोठेपणी अक्षर शिकले. १९४३ च्या सुमारास त्यांनी गीते लिहायला सुरुवात केली आणि पुढची साठ वर्षे ते गावोगाव गात राहिले. शाहीर विठ्ठल उमप यांचे तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच निधन झाले. या माणसांचा मोबदला म्हणजे बिदागी, प्रवासखर्च आणि लोकांचे प्रेम. अनेकदा फक्त प्रेमच.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि चित्र बदलले. तोवर रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात उभे राहण्याची ऐपत नसलेल्या गायकांचे आवाज कॅसेटमुळे घराघरांत पोहोचले. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्यानंतर आनंद-मिलिंद शिंदे यांचा आवाज रिक्षापासून पानटपरीपर्यंत सर्वत्र वाजू लागला. मात्र कॅसेटच्या व्यवहारात एक खोट होती. कलावंताला एकरकमी पैसे द्यायचे, कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि हक्क कंपनीकडे ठेवायचे, अशी पद्धत सर्रास होती. कॅसेट शंभर विकल्या गेल्या की लाख, गीतकाराला फरक पडत नव्हता.

हे जुने हक्क आजही जिवंत आहेत. कंपन्या विकल्या जातात, त्यांची नावे बदलतात, पण गाण्यांचा साठा मालमत्ता म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कॅसेटच्या काळातली मुंबईची व्हीनस कंपनी २०१९ मध्ये फ्रान्सच्या बिलीव्ह या कंपनीने घेतली आणि तिचे नाव इश्तार झाले. चाळीस वर्षांपूर्वी केलेल्या एका सहीचा हिशोब आज पॅरिसपर्यंत जाऊ शकतो, तो असा.

स्ट्रीमिंगचा हिशोब कसा चालतो?

अनेकांची समजूत अशी असते की एका प्लेमागे ठरावीक पैसे मिळतात. बहुतेक सेवांवर तसा ठरलेला दर नसतो. महिन्याभराची वर्गणी आणि जाहिराती यांतून जमलेल्या पैशांचा एक मोठा गल्ला होतो. सेवा चालवणारी कंपनी आपला वाटा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण प्लेच्या प्रमाणात हक्कधारकांमध्ये वाटली जाते.

एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. एका सेवेचे दोनच ग्राहक आहेत आणि दोघेही महिन्याला १०० रुपये देतात. पहिली ग्राहक फक्त एका शाहिराची गाणी ऐकते, महिन्यात २० वेळा. दुसरा ग्राहक दिवसभर सिनेमाची गाणी लावून ठेवतो, ९८० वेळा. कंपनीने ३० टक्के ठेवले तर वाटायला १४० रुपये उरतात. एकूण प्ले १०००, त्यांत शाहिराचे २०, म्हणजे दोन टक्के. शाहिराच्या वाट्याला २ रुपये ८० पैसे येतात. त्याची गाणी सोडून दुसरे काहीही न ऐकणाऱ्या ताईच्या १०० रुपयांतला मोठा भाग सिनेमाच्या गाण्यांकडे जातो.

याला दुसरा पर्याय आहे. प्रत्येक ग्राहकाचे पैसे त्याने ऐकलेल्या कलावंतांमध्येच वाटायचे. वरच्या उदाहरणात शाहिराला ७० रुपये मिळतील. साउंडक्लाउडने एप्रिल २०२१ मध्ये स्वतंत्र कलावंतांसाठी अशी पद्धत सुरू केली. मोठ्या सेवा मात्र मुख्यतः जुन्याच पद्धतीवर चालतात.

त्यात आणखी तीन नियम लक्षात ठेवावे लागतात.

पहिला, स्पॉटिफायवर गाणे किमान ३० सेकंद वाजले तरच तो प्ले मोजला जातो.

दुसरा, २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १००० प्ले न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. तो पैसा इतर गाण्यांकडे वळतो. आपली गाणी प्रामुख्याने एप्रिल, ऑक्टोबर आणि डिसेंबरमध्ये वाजतात. नव्या, अनोळखी शाहिराला वर्षभराचा हा उंबरठा या तीन महिन्यांतच ओलांडावा लागतो.

तिसरा, यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यू, अशी अट आहे. ती पूर्ण झाल्यावर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनेलच्या मालकाला मिळतो. इथे ‘चॅनेलचा मालक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कार्यक्रमात गायलेले गाणे दुसऱ्याने मोबाइलवर टिपून स्वतःच्या चॅनेलवर टाकले, तर जाहिरातीचे पैसे त्या चॅनेलला मिळतात. शाहिराला काही मिळत नाही.

एका गाण्यात दोन मालमत्ता

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक मूळ रचनेचा, म्हणजे गीतकाराच्या शब्दांचा आणि संगीतकाराच्या चालीचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा मुद्रणाचा खर्च करणाऱ्या निर्मात्याचा असतो.

स्ट्रीमिंगचे पैसेही या दोन वाटांनी येतात. ध्वनिमुद्रणाचे पैसे कंपनीमार्फत किंवा गाणे सगळ्या सेवांवर चढवणाऱ्या वितरकामार्फत मिळतात. रचनेचे पैसे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेमार्फत मिळतात. भारतात हे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस करते. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ मध्ये गायकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. ती आज इस्राम्रा या नावाने गायक आणि वादक दोघांसाठी काम करते.

आपले बहुसंख्य कवी-गायक इथेच मार खातात. एखादा तरुण स्वतः लिहितो, चाल लावतो, गातो आणि वितरकाकडून गाणे अपलोड करतो. ध्वनिमुद्रणाचे थोडेफार पैसे त्याला येतात आणि सगळा हिशोब मिळाला असे त्याला वाटते. संस्थेचा सभासद नसल्यामुळे आणि रचनेची नोंद न केल्यामुळे गीतकार म्हणून असलेला त्याचा वाटा त्याच्यापर्यंत येतच नाही.

नाव शेवटच्या कडव्यात असते

वामनदादांची गीते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे की शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. संतांच्या अभंगापासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत आहे. छापील पुस्तक नसलेल्या माणसाने आपल्या रचनेवर केलेली ती सही होती. गाणे दहा गावे फिरले तरी कोणी लिहिले हे सांगायला वेगळा माणूस लागत नसे.

आज गाण्याचा तीस सेकंदांचा तुकडा रीलमध्ये जातो. तो बहुधा मुखड्याचा असतो. शेवटचे कडवे कापले जाते आणि त्याबरोबर कवीचे नावही जाते. अपलोड करताना गीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ किंवा ‘लोकगीत’ असे लिहिले की उरलेसुरले नावही पुसले जाते. ज्या समाजाची नावे इतिहासातून पुसली गेली, त्याच समाजाच्या कवीचे नाव आपल्याच माणसाने आळसाने पुसावे, ही खंत आहे. शिवाय त्यात पैशाचेही नुकसान आहे. ज्या रकान्यात नाव नाही, त्या नावावर रक्कम जमा होत नाही.

नाव जपण्याचे चांगले उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह उभा राहिला. ‘पारी’ या संकेतस्थळावर तो गायिकेचे नाव आणि गाव यांसह प्रसिद्ध होतो. बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. जात्यावर बसलेल्या बाईचे नाव नोंदवता येते, तर स्टुडिओत गायलेल्या शाहिराचे का नाही?

स्ट्रीमिंगने दिले ते काय?

तक्रारीबरोबर जमेची बाजूही मांडली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. मोबाइलवर टिपलेल्या गाण्यांमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला आणि कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागली. जालंधरची गिन्नी माही यूट्यूबमुळे पंजाबबाहेर पोहोचली. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने मराठी, हिंदी, गुजराती रॅपमधून आरेच्या जंगलाचा आणि आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडला. यांपैकी कोणालाही कंपनीच्या साहेबाच्या होकारासाठी थांबावे लागले नाही.

म्हणजे दार उघडले आहे. मात्र पैसा बहुतांशी मंचावरून येतो, स्ट्रीमिंगमधून नाही. मोबाइलवरची प्रसिद्धी कार्यक्रम मिळवून देते आणि कार्यक्रम घर चालवतो. जयंतीच्या कार्यक्रमाचे मानधन आजही महत्त्वाचे आहे ते यामुळेच.

गाणे कोट्यवधी वेळा वाजले तरी पैशाची खात्री नसते, याचे ठळक उदाहरण तमिळनाडूचे आहे. कवी-रॅपर अरिवू हा पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’मधून पुढे आला. मार्च २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या आणि धी हिच्या ‘एन्जॉय एन्जामी’मध्ये भूमिहीन पूर्वजांच्या श्रमांची कथा आहे. पुढे एका मासिकाच्या मुखपृष्ठावरून अरिवूच गायब झाला आणि श्रेयाचा वाद पेटला. मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी या गाण्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नसल्याचे जाहीर केले. गाणे प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीने आरोप नाकारले. वादाचा निकाल काहीही लागो, धडा स्पष्ट आहे : व्ह्यूचा आकडा आणि बँकेतला आकडा यांच्यामध्ये करार उभा असतो.

कायदा आपल्या बाजूने कुठे आहे?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. तरुण कलावंतांना तिच्यातल्या पुढील गोष्टी माहीत असायला हव्यात.

कलम १८ नुसार चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या रचनेच्या मोबदल्यातला समान वाटा गीतकार-संगीतकार सोडून देऊ शकत नाही. कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांच्याशिवाय तो कोणाच्याही नावे करता येत नाही. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे कागदावर लिहिले असले तरी हा वाटा जात नाही. करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेले माध्यम करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क जात नाहीत, असेही हे कलम सांगते. २०१२ पूर्वीच्या कॅसेट करारांना हे कितपत लागू होते, हा वकिलाला कागद दाखवून ठरवायचा मुद्दा आहे. म्हणून घरातले जुने कागद टाकू नका.

कलम १९ नुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

कलम ३८-ए नुसार सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर गायक-वादकालाही मोबदल्याचा हक्क आहे.

गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांच्या गीतांवरचा हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत राहील. त्यांचे गाणे नव्या ठेक्यात करायचे असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी किंवा कलम ३१-सी प्रमाणे आगाऊ सूचना आणि मोबदला द्यावा. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरील हक्काची मुदत मात्र २०१६ अखेर संपली आहे. ते शब्द गाण्यात वापरायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. रेडिओ-टीव्हीसाठी कायद्याने ठरवून दिलेला परवाना कलम ३१-डी मध्ये आहे. टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये हे कलम इंटरनेटवरील स्ट्रीमिंगला लागू होत नाही, असा निकाल दिला. म्हणजे तिथला दर वाटाघाटीने ठरतो. हजारो गाण्यांचा साठा असलेली कंपनी वाटाघाट करू शकते. दहा गाणी असलेला शाहीर एकटा ती करू शकत नाही. संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा संदेश इथे अगदी व्यवहाराच्या पातळीवर लागू होतो.

कलावंतांसाठी : गाणे टाकण्यापूर्वी

• गीत, संगीत, गायन, वादन, मुद्रण कोणाचे आणि कोणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्तीत हे काम आधी करावे, नंतर दोस्ती टिकते.

• प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरी-अंकी संकेत असतो. वितरक तो देतो. तो वहीत उतरवून ठेवा. वितरक बदलला तरी तोच संकेत वापरा.

• गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचे सभासदत्व घेऊन प्रत्येक रचना नोंदवावी.

• नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहा. तीन प्रकारे लिहिलेले नाव यंत्राला तीन माणसे वाटतात.

• वितरकाच्या अटी वाचा. काही जण वार्षिक वर्गणी घेतात आणि ती थांबली की गाणी उतरवतात. काही जण उत्पन्नातून टक्केवारी कापतात.

• यूट्यूबचे पैसे १०० डॉलर जमल्यावरच बँकेत येतात. कराचा अर्ज भरला नाही तर अमेरिकेतल्या कराची कपात जास्त होते.

• स्वतःच्याच गाण्यावर दुसऱ्याने हक्क सांगितला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस असतात. मूळ मुद्रण, कागद आणि तारखा जपून ठेवल्या असतील तर बाजू भक्कम राहते.

श्रोते आणि मंडळांसाठी

• रीलवर गाणे लावताना गीतकार आणि गायक या दोघांची नावे लिहा. यासाठी अर्धा मिनिट लागतो.

• दुसऱ्याच्या चॅनेलवरची नक्कल शेअर करू नका. शाहिराच्या स्वतःच्या चॅनेलची लिंक पाठवा.

• गाणे आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवणे ही मदत नव्हे. स्पॉटिफाय असे कृत्रिम प्ले काढून टाकते आणि २०२४ पासून ठळक प्रकारांत वितरकाला दंडही करते. मार बसतो तो कलावंतालाच.

• शक्य असेल तर थेट द्या. शाहिराने दिलेल्या क्यूआर कोडवर पाठवलेले पन्नास रुपये वर्षभराच्या प्लेपेक्षा मोठे ठरू शकतात. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि पैसे पाठवण्याचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम कलावंताला मिळते.

• जयंती मंडळांनी मानधन आधी ठरवावे, लेखी कळवावे आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावे. डीजेच्या भिंतीला हजारो रुपये आणि शाहिराला ‘समाजाचे काम आहे’ म्हणून नारळ-शाल, हा हिशोब आता बंद झाला पाहिजे.

• कार्यक्रमाचे चित्रीकरण करायचे तर कलावंताला विचारा आणि ते त्याच्याच चॅनेलवर जाऊ द्या.

• गाण्याची प्रत जपा. रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतात बंद झाले, त्याच वर्षी विंक म्युझिकही बंद होत असल्याचे जाहीर झाले. लोकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या याद्या अशाच जातात. स्ट्रीमिंग म्हणजे संग्रहालय नव्हे. घरात पडलेल्या कॅसेटींचे कुटुंबीयांच्या परवानगीने डिजिटल रूपांतर करणे, हे प्रत्येक विहारातल्या तरुणांना करता येण्यासारखे काम आहे.

पुढे काय?

प्रभादेवीत रवींद्र नाट्य मंदिर आहे, भूपेश गुप्ता भवन आहे, चालत गेले की चैत्यभूमी आहे. या परिसरात वर्षभर पुरोगामी कार्यक्रम होतात. अशा एखाद्या कार्यक्रमाला जोडून एक टेबल मांडता येईल : दोन कायदा शिकलेली मुले, एक लॅपटॉप, आणि समोर वहीत गाणी घेऊन आलेले ज्येष्ठ शाहीर. रचना नोंदवून द्यायच्या, अर्ज भरून द्यायचे, जुने करार वाचून दाखवायचे. ६ डिसेंबरला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी अशी एक जागा ठेवायला फार पैसा लागत नाही.

गिरणगावातल्या लोकांनी चार आण्यांची वर्गणी काढून जलसे जगवले. त्यांना अल्गोरिदम ठाऊक नव्हता, पण कोणाचे गाणे ऐकतो आणि त्याच्या घरी चूल पेटते की नाही, हे ठाऊक होते. आपल्याला निदान तेवढे तरी ठाऊक असले पाहिजे.

जय भीम!